आत्याचं ऑपरेशन आणि माझं प्रथिन

माझ्या पीएचडीपायी कमलआत्याचं ऑपरेशन राहिलंच होतं, ऐका.

तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, पण ती आपल्या गावाहून, आरमोरीहून हलेना. "आमची पोरगी कॅन्सरचं औषध बनवून राह्यली. मी थांबीन," म्हणे. बाबांचा फोन आला तशी मी पुण्याहून धावत गेले.

"आत्या, मी औषध नाई बनवत. कॅन्सरच्या पेशीवर एक खूण असते. तिले नेमकं चिकटंल असं प्रथिन आम्ही तयार केलं. ते खुणेवर कसं बसते, त्याची रचना मी तपासून राह्यली."

"चिकटलं का गाठ मरते?"

"नाई. सध्या नुसतं चिकटते."

"मंग औषध कधी?"

खोटा धीर द्यावासा वाटला, पण दिला नाही. "लई वर्षं लागतीन. कदाचित होणारबी नाई."

 आत्या उठून पिशवी भरायला लागली. "हे पयलेच काऊन नाई सांगतलं? चाल नागपूरले."

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं माझा हात धरला.

"माह्यं तं झालं," ती हळूच म्हणाली. "आता आरामानं कर. पण कर."