सारांनी लावलेलं लग्न

मी तंजावरची. नाव सुगुणाबाई. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडे कधी आले तें कोणास ठाऊक, पण घरात मराठीच, तुमच्यासारखी नव्हे, तुम्हांस हसू येईल, पण आमची हीच. अप्पा वारल्यावर अम्मा आणि मी मद्रासेस आलो, आणि टायपिंग पास झाल्यावर मजला रजिस्ट्रार ऑफिसात नोकरी लागली. घरांचे, जमिनींचे व्यवहार तिथे नोंदायचे, आणि लग्नंही लावायचे, कायद्याची. भटजी नको, होम नको, तीन साक्षीदार आणायचे, मी हिला बायको केली, मी ह्यांस नवरा केला असं तोंडानं म्हणायचं, सह्या करायच्या, झालं. पहिलं लग्न पाहून मी घरी सांगितलं, अम्मा, देवाचं नाव एकदाही घेतलं नाही गे कोणी. अम्मा म्हणाली, मग तें लग्न कसलं?

आणि हीं लग्नं लावणार कोण, तर वरदराजन सार, आमचे रजिस्ट्रार; तुम्ही सर म्हणता, इकडे सार म्हणतात. काय सांगू तुम्हांस त्यांचं. कपाळावर वैष्णवांचं उभं, ठसठशीत नाम, पाणीसुद्धा घरून आणलेलंच पिणार, ऑफिसातल्या कॉफीस शिवणार नाहीत. आणि हेच सार जातीबाहेरची, धर्माबाहेरची लग्नं लावायचे, नियम नीट पाहून, कधी कुणास वाकडं बोलले नाहीत. मी एकदा विचारलं, सार, तुमच्या मनास चालतं हें? तर म्हणाले, ह्या खुर्चीत बसलो की माझं मन कोण विचारतो. मजला पटलं तें.

मग एके सकाळी लग्नाची नोटीस द्यायला दोघं आली. मी मान वर केली तर वैदेही, सारांची मुलगी, एकुलती एक. बरोबर ख्रिस्ती मुलगा, मद्रासेजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या फॅक्टरीत कामास. आत नेलं त्यांस. सारांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि पोटच्या पोरीस विचारतात काय, तर वय किती, राहणार कुठे. मग स्वतः उठून नोटीस बाहेर फळ्यावर लावली, मुलीच्या बापाचं नाव म्हणून त्यांचंच नाव त्यावर, येणारे जाणारे वाचत होते.

ती नोटीस महिनाभर राहते. तेवढ्यात सारांचा मेहुणा आला, आमच्यादेखत म्हणाला, कागद हरवला म्हणा, रजेवर जा, कोण विचारतंय. सार म्हणाले, हरकत असेल तर लिहून द्या. काय लिहू, मेहुणा म्हणाला. सार म्हणाले, मुलीचं वय कमी आहे, कुणाचं आधीचं लग्न आहे, असं असेल तर लिहा. मुलगा ख्रिस्ती आहे, ही हरकत कायद्यात नाही.

लग्नाच्या दिवशी तिसरा साक्षीदार आलाच नाही. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. मजला वाटलं, सुटले सार, आता म्हणतील उद्या या, मग उद्याचं उद्या. पण ते माझ्याकडे वळले. म्हणाले, सुगुणाबाई, एक साक्षीदार कमी आहे, तुमची इच्छा असेल तर.

मी सही केली. वैदेहीचा आवाज कापत होता, सार ऐकत होते, अक्षर चुकू नये असे. मग शिक्का मारला, लग्न झालं म्हणून सांगितलं. माझे डोळे भरून आले हो, असा बाप कुठे असतो? वाटलं, आता उठून तिच्या डोक्यावर हात ठेवतील.

उठले ते मागल्या नळावर गेले. अंगात शर्ट, पँट, तसेच खाली बसले आणि बादली डोक्यावर ओतली. एक ओतली, आणखी ओतली. आमच्यात कुणी मेलं म्हणजे अशी आंघोळ करतात. वैदेही माळ घालून दारात उभी, तिच्यापुढून निथळत आले, तिच्याकडे पाहिलं नाही. मजला म्हणाले, माझी मुलगी आज गेली. आणि खुर्चीत बसून पुढची फाईल मागितली.

मी फाईल दिली. ज्या हातानं शिक्का, त्याच हातानं बादली.

पुढे वैदेही अण्णा नगरात भेटली, कडेवर लेकरू. तिचं मन राखायला मी म्हटलं, बाई, इतकं झालं, पण अडवलं तरी नाही त्यांनी तुला. तर ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, अक्का, अडवायला हवं होतं त्यांनी. मारायला हवं होतं मला. खुर्चीत सरकार होते, नळाखाली भट होते, माझे अप्पा त्या दिवशी आलेच नाहीत.

हें माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता मी पेन्शनीत. सार गेले, शेवटपर्यंत बोलले नाहीत तिच्याशी. पेपरात वाचते मी, सरकारनं धर्म बाजूस ठेवावा की न ठेवावा, मोठमोठे लोक भांडतात. ठेवावा, मी म्हणते, नाहीतर त्या पोरीस घरात कोंडलं असतं. पण ठेवणाऱ्या माणसाचं काय होतं, तें मी हाताच्या अंतरावरून पाहिलंय. वैदेही तिकडे आवडी गावीच असते, मुलं मोठी झालीं. देव तिचं बरं करो. सारांचंही करो, जिथे असतील तिथे. दुसरं मी काय म्हणू?