सोप्या ट्रेकचा कटऑफ

हसाल तर हसा, पण हिमालयातल्या गवताळ कुरणांवर चालायला जायचं म्हणून मला लातुरात परीक्षा द्यावी लागली.

ती कुरणं आमच्या हिला बघायची होती. ही जाऊन वर्ष झालं, तेव्हा म्हटलं, आपण तरी बघून यावं. शेजारच्या माने सरांना विचारलं, सोबत येता का? सरांचे फिजिक्सचे क्लासेस. त्यांनी लगेच गल्लीतले आणखी तिघं जमवून आमची चौघांची बॅच केली.

"सर, नवशिक्यांसाठीचा सोपा ट्रेक आहे म्हणे."

"तिथंच तर धोका हाय, भाऊ! पेपर सोपा की कटऑफ वर जातो."

मग दर रविवारी टेस्ट. पाठीवर दहा किलो ज्वारी घेऊन आम्ही क्लासचे तीन मजले चढायचो आणि सर खाली खुर्चीत बसून वेळ मोजायचे. नंतर तोंडी.

"तंबूत झोप येईल का?"

"येईल की. भूकंपानंतर सहा महिने अंगणातच झोपलो होतो."

"शाब्बास! हे मार्क पक्के."

तरी चौघांत मी चौथा आलो.

"यंदा राहू द्या," सर म्हणाले. "रिपीटर बॅचला बसा."

मी मान हलवली आणि कुणाला न सांगता एकटाच जाऊन आलो. बाकीचे तिघं अजून उजळणीच करत होते.

परतल्यावर सर फाटकातच भेटले. वाटलं, आता रागावणार. त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"चालणं सोपं होतं, सर. 'बघ' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, तेवढं अवघड गेलं."

सरांनी माझ्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी माझाबी फॉर्म भरा."