जनादादाच्या वाट्याची गोळी

मंडळी, नमस्कार.

गावदेवीच्या मंडपात आज बसायला जागा नाही. काही जण तळोज्याहून पहिली पाळी करून थेट आलात, कंपनीचा शर्ट अंगावर तसाच आहे. नव्या टॉवरमधली मंडळीही आलीत. जनादादा त्यांच्या गेटवर गप्पा मारत उभा राहायचा, ती ओळख त्यांनी ठेवली. सगळ्यांचे आभार.

मला बोलायला उभं केलंय ते त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार म्हणून. पण मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. दुःख तर आहेच. त्याहून जास्त गोंधळ आहे. जनार्दनबद्दल चांगलं बोलायचं तर मी संध्याकाळपर्यंत बोलेन. पण मनात एक गुंता बसलाय आणि तो बाजूला सारून मला पुढे जाता येत नाही. म्हणून तोच सांगतो. अडखळलो तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं मिठागरावर वाढलो. उन्हाळ्यात सुट्टी लागली की शाळेतून थेट आगरात. तो माझ्याहून मोठा, म्हणून दादा. पुढे आगरं गेली. दादा तळोज्याला बॉयलरवर लागला आणि त्यानेच मला शेजारच्या कंपनीत भट्टीवर चिकटवलं. तिथे उन्हाची धग, इथे भट्टीची, एवढाच फरक. तहान लागली की काम संपल्यावर प्यायचं, अंग दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची. आपल्या गावात सगळेच तसं करतात. त्यात आम्हाला काही वेगळं वाटलं नाही.

मग दादाचे पाय सुजायला लागले. तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. किडनी निम्म्याहून कमी चालत होती. त्याला साखर नाही, रक्तदाब होता तोही नंतरचा, स्टोन नाही, घराण्यात कुणाला नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी अजून कुणाला?" तो म्हणाला, "घरी नाय, पण आमचा दामू हाय. सगळं आमी संगतीनं केलंय, त्याचंबी बघा." आणि मला हाताला धरून घेऊन गेला. मला काही होत नव्हतं. तपासलं तर माझंही वाढलेलं. त्याच्याहून थोडं कमी, एवढंच.

दादाने विचारलं, "बाई, आमाला हे कशानं झालं?"

त्या म्हणाल्या, "काका, नक्की माहीत नाही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर असं म्हणतो का? त्या समजावून सांगायला लागल्या. उसाच्या फडात, मिठागरात, वीटभट्टीवर, जिथे माणसं उन्हात राबतात आणि पाणी कमी पितात, तिथे असा आजार जगभर दिसतोय. उन्हाचा संशय आहे, पाण्याचा आहे, अंगदुखीच्या गोळ्यांचा आहे. त्यावर काम चालू आहे. पण छातीवर हात ठेवून सांगावं असं उत्तर अजून कुणाकडे नाही. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "पोरगी खरं बोलते रं. कारखान्याचं पाणी बाधलं म्हनली असती तर आपन लगेच मान डोलावली असती."

त्याच बाईंनी पुढे औषधाच्या एका अभ्यासाचं सांगितलं. एक नवी गोळी आहे. मुळात ती साखरेच्या रोग्यांची. देता देता लक्षात आलं की ती किडनीलाही जपते. साखर नसलेल्यांनाही तिचा उपयोग झाल्याचं दिसलंय. पण आमच्यासारख्या, कारण न कळलेल्या आजारात तिचा उपयोग होतो का, ते बघायचं होतं. त्यासाठी काहींना खरी गोळी द्यायची आणि काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. बाकीची औषधं, पथ्य, तपासण्या सगळ्यांना सारख्याच. कुणाला कुठली, ते रोग्याला सांगायचं नाही. डॉक्टरलाही माहीत नसतं. कधीही सोडून जायची मुभा.

मी म्हटलं, "हे कसलं? पोकळ गोळी कशाला खायची?"

दादा हसला. म्हणाला, "अरे, हे तर आपलं वाटे पाडण्यासारखं हाय."

टॉवरमधल्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. पूर्वी गावच्या खाजणात, म्हणजे खाडीचं पाणी शिरतं त्या जमिनीत, सगळ्यांनी मिळून मासळी धरली की तिचे सारखे वाटे पाडायचे. एक माणूस पाठ करून उभा. दुसरा एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारणार, हा कुणाचा? पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेणार. काठी कुठे आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून नंतर कुणी भांडायचं नाही. दादाने हे सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "काका, अगदी असंच. आमच्याकडे पाठ करून उभा असतो तो कॉम्प्युटर."

आम्ही दोघांनी सह्या केल्या.

पण वाट्याची अर्धीच गोष्ट बाईंना कळली होती. उरलेली अर्धी आम्हाला माहीत होती. नावं घेऊन झाली की ज्याच्या वाट्याला सगळी काटेरीच आली, त्याच्या टोपलीत शेजारी आपल्यातली दोन चांगली टाकायचा. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. न टाकणाऱ्यालाच नावं ठेवतात.

तर पहिल्या बाटल्या मिळाल्या आणि दादा संध्याकाळी परात घेऊन ओट्यावर बसला. वहिनी समोरच भाजी निवडत होत्या. म्हणाला, "दामू, तुझी बाटली ओत."

"का रे?"

"एकाची खरी असंल, एकाची पोकळ. मिसळू. दोघांना अर्धं अर्धं तरी लागंल. तू जगलास आनि मी गेलो, नायतर मी जगलो आनि तू गेलास, दोन्ही मना नको."

ओतली मी. परातीत त्याने हाताने गोळ्या फिरवल्या, जसे तांदूळ निवडतात तशा, आणि परत दोन बाटल्या भरल्या. वहिनी म्हणाल्या, "काय दोघं शाने! डॉक्टरला कळलं तर कानफटात मारील." दादा म्हणाला, "मारंल तर मारंल. अर्धं अर्धं खाऊ."

आता पुढचं सांगताना आयाबायांनी माफ करावं. पण दादा इथे असता तर त्याने हेच आधी सांगितलं असतं. त्या गोळीने अंगातली साखर लघवीवाटे बाहेर पडते, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. दादाच्या डोक्यात आलं, मुंग्या बघू. मग काय, आम्ही दोघं म्हातारे होत आलेले बाप्ये घरामागच्या भिंतीपाशी वाकून मुंग्या शोधतोय. आणि खरंच रांग लागलेली! दादा ओरडला, "आली! दोघांनाबी लागू पडली!" वहिनी दारातून म्हणाल्या, "सकाळपासून चहाचा चोथा टाकते मी तिथं. साखरेचा. चला, हात धुवा."

हसा, मंडळी. त्याला चालेल.

पुढच्या तपासणीला दादाने हा सगळा प्रकार स्वतःहून बाईंना सांगितला. फुशारकीनेच सांगितला. बाईंनी कपाळाला हात लावला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, एकाला खरी आणि एकाला पोकळ, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

दादा बोटांवर मोजायला लागला.

"तुमची दोघांची नावं स्वतंत्र निघाली, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोघांना खरी आली असेल. दोघांना पोकळ आली असेल. तसं असेल तर परातीत तुम्ही पोकळात पोकळ मिसळलंत."

मंडळी, त्या वेळी आम्ही खूप हसलो. बाईही हसल्या. त्यांनी झालेलं सगळं लिहून घेतलं, वरिष्ठांना कळवलं, नव्या बाटल्या दिल्या. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या आजाऱ्यांना उद्या काय द्यायचं, ते आम्हाला यातून कळणार आहे. तुम्ही वाटून खाल्लंत तर काहीच कळणार नाही." दादाने शब्द दिला आणि पाळला. मी एकदा म्हटलं, परत मुंग्या बघू का? तर खेकसला माझ्यावर. "नाव घेऊन झालंय. आता टोपलीत डोकवायचं नाय."

त्यानंतर माझे आकडे होते तिथेच राहिले. त्याचे बिघडत गेले. पथ्य तोच जास्त पाळत होता. मीठ त्याने सोडलं, मी नुसतं कमी केलं. त्याला डायलिसिस लागलं, तेव्हा त्याची ती गोळी बंद झाली. आठवड्यातून तीनदा पनवेलला जायचा आणि परत येऊन मला विचारायचा, "तुझी बाटली संपली का? नवी आनलीस का?" आणि गेल्या पंधरवड्यात दुपारचा जेवून पडला, तो उठला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदय थांबलं. डायलिसिसवरच्या माणसाच्या हृदयावर फार ताण येतो.

आता गावात बोललं जातंय. माझ्या कानावर आलंय. कुणी म्हणतं, त्याला प्रयोगाचा उंदीर केला. कुणी म्हणतं, पोकळ गोळी देऊन मारला. कुणी म्हणतं, खरी गोळीच त्याला बाधली. माझ्या बायकोने मला हात जोडलेत की तुम्ही यातून बाहेर पडा. तिचं चुकतंय असं मी कसं म्हणू?

मी बाईंना फोन केला. विचारलं, दादाची कुठली होती? त्या म्हणाल्या, "काका, मला खरंच माहीत नाही. अभ्यास संपल्यावर वहिनींना नक्की सांगू." मी विचारलं, परातीत मिसळली त्याने काही झालं का? त्या म्हणाल्या, तेवढ्या दिवसांनी इकडचं तिकडे होत नाही. मी विचारलं, मी सोडली तर? म्हणाल्या, "तो तुमचा हक्क आहे. पण तपासणीला येणं सोडू नका."

सगळी उत्तरं मिळाली. तरी गुंता सुटत नाही.

कारण बघा. त्याची खरी असेल, तर त्या दिवसांत त्याने आपल्यातलं औषध मला दिलं. माझी खरी असेल, तर मी त्याला दिलं, पण ते कमी पडलं. दोन्ही खऱ्या असतील, तर एकच औषध मला पावलं आणि त्याला का नाही? दोन्ही पोकळ असतील, तर मी कशावर उभा आहे? मी रोज सकाळी देवापुढे बसतो. दोघांचं नाव घेत होतो, आधी त्याचं, मग माझं. मागणं एकच, शब्द तेच. देवाने काय ऐकलं? की देवही पाठ करूनच उभा आहे? असं बोलू नये, मला कळतं. पण मनात आलं ते या मंडपात लपवून ठेवणं मला जमणार नाही. मी देवावर रुसलेलो नाही. मला फक्त कळत नाही.

एवढं मात्र कळतं. इथे आगरात राबलेले, भट्टीवर, बॉयलरवर, वीटभट्टीवर काम करणारे पुष्कळ बसलेत. दादाने मला हाताला धरून नेलं म्हणून माझं वेळेत कळलं. तुम्ही रक्त-लघवी तपासून घ्या. काम चालू असतानाच पाणी प्या. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता खाऊ नका. आणि तुमच्या जोडीदारालाही संगतीनं न्या.

दादा गेल्यापासून मी ती गोळी घेतलेली नाही. बाईंना तेही सांगितलंय. त्या म्हणाल्या, परत सुरू करायची असेल तर करू शकता, ठरवा आणि कळवा. मला ठरवता येत नव्हतं. आज इकडे येण्याआधी वहिनींकडे गेलो. मनात होतं की त्याच म्हणतील, सोडा भावजी. तसं त्या म्हणाल्या असत्या तर मी सुटलो असतो.

वहिनी म्हणाल्या, "खरी काय नि पोकळ काय, मना नाय माहीत. ते शेवटच्या दिवशीबी विचारत होते, दामूनं बाटली आनली का. आता मी काय सांगू त्यांना?"

मंडळी, मी तिथून घरी गेलो आणि बाटली काढली.

बाटली माझ्या खिशात आहे. मी आता इथे, तुमच्यासमोर, एक गोळी घेणार आहे. समजलं म्हणून नाही. यातून काही निघेल याची खात्री आहे म्हणूनही नाही. उद्या बाईंना कळवीन. माझ्या बायकोने मला माफ करावं.

तेवढा वेळ आपण सगळे उठून उभे राहू. कुणी काही बोलू नका. ज्याला देवाचं नाव घ्यायचं त्याने मनात घ्यावं. मी जनार्दनचं घेईन.

वहिनी, मला घोटभर पाणी द्या.