तालमीची भिंत

गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या रांगेत माझ्यापुढं म्हातारे ज्ञानूअण्णा आणि त्यांच्या पेठेतला तरणा सम्राट उभे होते.

"अण्णा, तालीम नवी बांधतोय, तर मधी भिंत घालूया."

"कशाला?"

"एकीकडं आपला गणपती, दुसरीकडं त्यांचा पीर."

"पीर त्यांचा कवाधरनं झाला? मोहरमात पिराचा पंजा माझा बा बसवायचा. आता मी बसवतोय."

"तसं न्हवं अण्णा, दिवस बदलल्यात. दोन खोल्या, दोन दारं, दोन कुलपं."

"बरं. पिराच्या खोलीची किल्ली कुणाकडं?"

"तुमच्याकडंच की. दुसरं कोण बघणार?"

"आणि गणपतीच्या?"

"सिकंदरचाचाकडं. मखर दरसाल तेच करत्यात न्हवं?"

"व्हय. मग घाल की भिंत."