आबांना भरतपूर दाखवलं

माणसाला नुसतं सांगू नका, नेऊन दाखवा, म्हणजे पटतं... असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं ना, त्याला माझ्यासमोर आणून उभा करा! मी काही करणार नाही हो. फक्त आमच्या आबाजींबरोबर एकदा भरतपूरला पाठवीन. परत आला की विचारीन, हं, काय म्हणत होतास?

तुम्हाला सांगते, आमचं गाव भिवपुरीच्या जवळ, आणि गावामागं एक तळं. तळं म्हणजे काय, वीजघराचं पाणी झिरपून झालेली पाणथळ, ऐन उन्हाळ्यातही न आटणारी, लव्हाळे, चिखल आणि पाखरं, पाखरं, पाखरं! आणि गावाला काय सुचावं? भराव टाका, लग्नाचं लॉन करा! मी पर्यावरणात एम.एस्सी. केलेली, गप्प बसते होय? घरोघर पत्रकं वाटली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरून भजी आणली, तर ती माझ्याच पत्रकात बांधून! शेवटी डोक्यात उजेड पडला, की गाव ऐकतं फक्त आबाजींचं. आबाजी म्हणजे माझे चुलत आजोबा, वीस वर्षं सरपंच. ग्रामसभेत त्यांनी हात वर केला की सगळं गाव करतं, मग तो त्यांनी पाठ खाजवायला का केला असेना!

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. म्हटलं, त्याआधी आबांना राजस्थानातलं भरतपूरचं पाखरांचं राष्ट्रीय उद्यान दाखवायचं. अख्खी पाणथळ, जग येतं बघायला! आबा म्हणाले, "येतो गं समे, पन आनंदी बी येल." आनंदीआजीनं वाटेत खायला सुकट घेतली. थंडीचे दिवस, रेल्वेच्या डब्याच्या खिडक्या बंद... पुढचं मी सांगत नाही.

उद्यानात सायकलरिक्षा केली. रिक्षावाले सरदारजी, पक्ष्यांचे मोठे जाणकार. हात उंचावून म्हणाले, "वो देखिए, किंगफिशर!" आबांनी मान वळवली, बघितलं, मान परत सरळ. "खंड्या. आपल्याकडं बी हाय. सांग त्याला."

मी सांगितलं. काय करणार?

पाणकावळा? आपल्याकडं बी हाय. जांभळी पाणकोंबडी? आपल्याकडं बी हाय, आन् वाफ्यातला भात खाते मेली. सरदारजी इरेला पेटले! उन्हाला पडलेला अजगर दाखवला, हा एवढा! आबा म्हणतात, "यात काय? आपल्याकडं मागल्या साली पदूच्या खुराड्यात निघाला, दोन कोंबड्या गिळून निजला होता."

मी आतून नाचत होते हो! कारण मला हेच तर हवं होतं ना? जे बघायला जग इथं येतं, ते सगळं आपल्याकडं बी हाय!

शेवटी सरदारजींनी हुकमाचं पान काढलं. सारसांची जोडी. हळू आवाजात म्हणाले, "जनमभर एक दूसरे को नहीं छोड़ते." सारस काही आमच्याकडं नाही! आबांनी तिरक्या नजरेनं आजीकडं बघितलं आणि म्हणाले, "आपल्याकडं बी हाय."

आजी म्हणाली, "हाय तर! सोडायची सोय कुठं हाय?"

सरदारजींनी हात जोडले.

आणि मग... बाहेर पडलो, आणि फाटकाशी आबा थबकले. अगदी खिळल्यासारखे! समोर गाड्याच गाड्या, बसच्या बस, शिस्तीत ओळीनं लावलेल्या. आबांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि पहिल्यांदा, तीन दिवसांत पहिल्यांदा म्हणाले, "समे... हे मातर आपल्याकडं नाय गं."

मी हसले! मूर्ख मी, हसले!

सव्वीस जानेवारी. ग्रामसभा. आबा उठले. "लॉन रद्द!" मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच, पण कडकडून! "आपल्याकडं पाखरं बी हायेत, पानी बी हाय, अजगर बी हाय. लोकं लांबलांबून बघाया येतील. मुंबईवरनं येतील, पुण्यावरनं येतील." मी रडायचीच राहिले होते हो! "पन येतील ती गाड्या कुठं लावतील? गावात सपाट जागा हाय कुठं? एकच हाय, तळ्याची. तवा तळ्यात भराव टाकायचा, आन् पाखरं बघाया येनाऱ्यांसाठी पार्किंग करायचं!"

आणि हात वर.

सगळ्या गावाचे हात वर! मी ओरडले, "अहो आबा, तळंच भरलं तर पाखरं कुठली बघणार?" आबा म्हणाले, "त्ये पुढच्या सभेत घेऊ." ठराव मंजूर. पार्किंगच्या बोर्डावर माझं नाव टाकायचंही ठरलं, 'संकल्पना: कु. समीक्षा'!

मी पायरीवर डोकं धरून बसले. पंचायतीत चहा देणारी शकू आली, कप हातात दिला, शेजारी टेकली आणि पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गप गं ताई... आपल्याकडं नसली पाखरं तर नसली. भरतपूरला हायेत की!"