दोन सुपे, एक पिनकोड

गावाचं नाव लिहिलं की झालं, पिनकोड कशाला, असं तू आत्ता म्हणालास ना? त्याच पिनकोडामुळं माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

श्रीगोंद्याचे पाहुणे आमच्या सुप्याला घर बघायला येणार होते. पोहे केव्हाच झाले होते. फोन केला तर मुलीचे वडील म्हणाले, "आम्ही सुप्याच्या चौकातच उभे आहोत." मी चौकात जाऊन आलो. कुणीच नव्हतं.

मामा म्हणाला, "पोरानं शाळा सोडलीय हे कळलं आसंल. चौकातूनच माघारी गेले बघ."

मलाही तसंच वाटलं. आधीचं एक स्थळ त्याच कारणानं गेलं होतं.

तेवढ्यात फोन आला. मुलगीच बोलत होती.

"तुमचा पिनकोड सांगा बरं."

मी अडखळत सांगितला. ती हसायला लागली.

"अहो, बाबा बारामतीकडच्या सुप्यात उभे आहेत! तिथल्या दुकानाच्या पाटीवर वेगळाच नंबर आहे, बाबांनी फोनवर वाचून दाखवला. पिन म्हणजे काय, माहितीये का?"

"नाही," मी म्हणालो.

"पोस्टल इंडेक्स नंबर. एका नावाची गावं फार, म्हणून काढला. पत्र चुकू नये एवढ्यासाठी."

पत्रासाठी कुणीतरी एवढा विचार केला होता. मी धीर करून म्हणालो, "मी शाळा लवकर सोडलीय. आधीच सांगतो."

"ते माहीत असूनच बाबांना पाठवलंय," ती म्हणाली. "पोहे गरम करून ठेवा."