अंगणातला गोल्फ

हसू नका, पण गोल्फ मी आमच्या सावली गावात, घराच्या अंगणात शिकलो. माझा दोस्त सलीम नागपूरले लोकाईले गोल्फ शिकवते. ईदले गावी आला, तं गोल्फची काठी घेऊनच आला.

"पाय पसरून उभा राह्य," तो मले सांगून राह्यला होता. "गुडघे जरासे वाकव. नजर चेंडूवर ठेव."

बाबा खाटेवर बसून आमची गंमत पाहत होते. लकवा मारल्यापासून वर्षभर त्यायच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. डॉक्टरनंही आता बोलतील असं म्हणणं सोडून देल्लं होतं.

मी जोर लावून काठी फिरवली. चेंडू जागचा हालला नाई, मीच तोल जाऊन पडलो. उठून पुन्हा काठी उचलली, तं मागून आवाज आला.

"अबे, हातानं काऊन ओढून राह्यला? कंबर फिरव!"

मले वाटलं, सलीमच बोलला. पण सलीम खाटेकडं पाहून पांढराफटक पडला होता. आई सयपाकघरातून धावत आली, "कोण बोललं? कोण बोललं रे?" आमी तिघंही बाबाकडं पाहत नुसते उभे.

तसे बाबा चिडले. "मले काय पाह्यता? चेंडू मार ना!"